श्रावणबाळाला बाण लागल्यावर

श्रावणबाळाची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. आंधळे आईबाप, खांद्यावर कावड, काशीची वाट. इथवर आलं की आपले डोळे भरून येतात आणि गोष्ट थांबते. उरलेली अर्धी अशी आहे: तहानलेल्या आईबापांसाठी श्रावण पाणी आणायला गेला, भांडं बुडाल्याचा आवाज ऐकून दशरथाला वाटलं जनावर आहे, त्याने बाण सोडला, आणि ज्याच्या खांद्यावर दोन जीव होते तो पाण्याच्या काठी मेला. मागे दोघं पाण्याची वाट बघत बसली होती. त्यांनीही मग प्राण सोडला. एका बाणात तीन मरणं.

महाराष्ट्र सरकारची ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आहे, तिचं नाव श्रावणबाळ. नाव ठेवणाऱ्याला कावड दिसली, बाण दिसला नाही. या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे: स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याला किंवा बायकोला सांभाळणारं माणूस एक ना एक दिवस स्वतः आजारी पडणार, हे उघड आहे. तरी सरकार, दवाखाना, कुटुंब आणि शेजार असे सगळे मिळून आपण असं वागतो, की ते कधी पडणारच नाही. त्याच्या आजारपणाची तयारी करायच्या ऐवजी आपण त्याचं कौतुक करतो. हे कौतुक त्याच्या जिवावर उठलं आहे.

०००

मी कर्जतमध्ये औषधांचं दुकान चालवतो. डॉक्टर नाही, कार्यकर्ता नाही. पण पंचवीस वर्षं एकाच काउंटरमागे उभं राहिलं की कोण कुठली गोळी घेतं आणि कोण कुठली घ्यायची सोडतं, हे न विचारता कळायला लागतं. डोनेपेझिल किंवा मेमँटिनची चिठ्ठी घेऊन येणारं माणूस रुग्ण नसतं. ती बहुतेक वेळा सत्तरीच्या आसपासची बायको असते, नाहीतर पंचाहत्तरीचा नवरा. सोबत मोठ्या माणसांचे डायपर, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर, बद्धकोष्ठाचं औषध. आणि मग हळूच एक वाक्य येतं: "भाऊ, ह्यांच्या पूर्ण पट्ट्या द्या. माझ्या बीपीच्या पाचच द्या, बाकीच्या पुढच्या आठवड्यात नेते."

तो पुढचा आठवडा तिसऱ्या आठवड्यात उगवतो. मधले दिवस ती बाई बिनगोळीची असते.

"माझ्या पाचच द्या" हे वाक्य मी इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते मला आजाराचं लक्षण वाटतं. पैशाची ओढाताण हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त खोल आहे: घरात एकच आजारी माणूस असू शकतं, असं तिने ठरवून टाकलेलं असतं. ती जागा भरलेली आहे.

मग काय होतं? स्मृतिभ्रंशाच्या माणसाला दिवस कलला की अस्वस्थ व्हायला होतं; रात्री तो उठतो, कडी काढतो, ऑफिसला जायचं म्हणतो. त्याच्यामागे तीही जागी. महिनोन्महिने झोप नाही, त्यात बीपीची गोळी नाही; यातून पक्षाघात व्हायला वेगळं काही घडावं लागत नाही. मधुमेह असलेली इन्सुलिन टोचून घेते आणि नेमका तेव्हाच तो ताट ढकलून देतो. त्याला भरवता भरवता तिचं जेवण राहतं आणि साखर खाली जाते. अंथरुणातून माणूस उचलून पंचाहत्तरीच्या नवऱ्याचा हर्निया वाढतो, पण ऑपरेशन "हिचं जरा बरं झालं की" करायचं असतं. हा आजार बरा होणारा नाही, त्यामुळे ऑपरेशनही होत नाही. मोतीबिंदूचं तेच. पावसाळ्यात नवरा अंधारात शेताच्या बांधावर निघून जातो, त्याला शोधायला बॅटरी घेऊन बायको जाते. कर्जत-खालापुरात जून ते ऑक्टोबर बांधावर काय फिरत असतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

यातला एकही आजार स्मृतिभ्रंश नाही. पण प्रत्येकाची मुळं शेजारच्या खाटेवर आहेत.

०००

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कडावच्या बाजूच्या एका गावातल्या काकू दुकानात आल्या आणि गॅसची गोळी मागितली. अंग घामाने डबडबलेलं. छातीत कळ नाही, म्हणाल्या. जबडा जड झालाय, मळमळतंय, सकाळपासून असंच आहे. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो, छातीत कळ न येता. मी म्हटलं, "काकू, गोळी नको. बसा, रिक्षा बोलावतो, आधी दवाखान्यात चला." त्या बसल्या होत्या, त्या उठल्या. "नको रे बाबा. ह्यांना आत ठेवून कुलूप लावून आलेय."

चावी त्यांच्या कमरेच्या बटव्यात होती. त्यांना दवाखान्यात न्यायला पाऊण तास उशीर झाला. रस्ता मोकळा होता, रिक्षा दारात होती. तो पाऊण तास चावी कोणाला द्यायची यात गेला. शेजारी कामावर, पुतण्या बदलापूरला, मुलगी सासरी. शेवटी रिक्षावाल्यानेच चावी घेतली, काकूंना सोडलं, गावात जाऊन दार उघडलं आणि दिवसभराच्या धंद्यावर पाणी सोडून काकांजवळ संध्याकाळपर्यंत बसला. काकू वाचल्या. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा कमजोर झाला.

त्या माझ्या दुकानाऐवजी एसटीच्या थांब्यावर कोसळल्या असत्या तर? बटव्यातली चावी कुठल्या दाराची, हे कोणाला कळलं असतं? आणि त्या दाराआड एक माणूस आहे, ज्याला कडी काढता येत नाही, गॅस बंद करता येत नाही, ओरडायचं असतं हेही आठवत नाही, हे कोणाला सुचलं असतं?

कुलूप लावलं म्हणून काकूंना नावं ठेवणारे गावात निघालेच. त्यांना मला विचारायचं आहे, की कुलूप न लावता त्या बाजाराला कशा येणार होत्या? काका रेल्वेच्या रुळांवर गेले असते तर तुम्हीच म्हणाला असता, लक्ष नव्हतं. ते कुलूप ही त्या घराची एकमेव आपत्कालीन व्यवस्था होती, आणि ती काकूंनी एकटीने उभी केली होती.

दुसरी गोष्ट खोपोलीकडची. कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, बायकोला स्मृतिभ्रंश, दोघंच घरात. रात्री ते न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, उठता येईना. बायकोने त्यांच्या अंगावर चादर घातली आणि शेजारी बसून राहिली. तिच्या लेखी तिने सगळं केलं होतं. फोन करायचा असतो, हे तिच्याजवळ उरलं नव्हतं. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कळलं. पाचव्या दिवशी ते दवाखान्यात वारले. त्या पाच दिवसांत बायको कुठे होती? दवाखान्याच्या बाकावर. वॉर्डात रुग्णाला जागा असते आणि सोबत करणाऱ्याला जागा असते. ती दोन्हींत बसत नव्हती.

०००

हे दोन किस्से आहेत, किश्शांवरून धोरण ठरत नाही, असं कोणी म्हणेल. ठीक आहे, आकडे घेऊ.

भारतातल्या ज्येष्ठांची स्मृती तपासणाऱ्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत मिळून चार लाखांच्या वर होती. त्यातला दहावा भाग साठीपुढचा धरा आणि ढोबळ गुणाकार करा: तीन हजारांच्या आसपास माणसं. त्यांतल्या निम्म्यांचा जोडीदार हयात आहे आणि तोच सांभाळतो आहे असं धरलं, तरी दीड हजार घरांत एक माणूस असं आहे, ज्याच्या पडण्याने दोन जीव धोक्यात येतात.

सांभाळणाऱ्याचं काय होतं, हेही कोणीतरी मोजलं आहे. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या अमेरिकी संशोधकांनी १९९९ साली एक अभ्यास छापला. अपंग वा आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांवर त्यांनी चार वर्षं नजर ठेवली. ज्यांना या कामाचा ताण होत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका न सांभाळणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. २००६ साली निकोलस क्रिस्टाकिस आणि पॉल ॲलिसन यांनी पाच लाखांहून जास्त वृद्ध जोडप्यांच्या नोंदी तपासल्या. बायको मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने दवाखान्यात दाखल झाली, तर वर्षभरात ६.४ टक्के नवरे मेले. ती स्मृतिभ्रंशाने दाखल झाली, तर ८.६ टक्के. बायकांच्या बाबतीत हे आकडे ३.७ आणि ५ टक्के होते. म्हणजे जो आजार स्वतः लवकर मारत नाही, तो जोडीदाराला कर्करोगापेक्षा महाग पडतो.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती माझ्याच मुद्द्याला बळ देते. सांभाळणारी माणसं सरासरीने जास्त जगतात, असं म्हणणारेही अभ्यास आहेत. आणि शुल्झ-बीच यांच्याच अभ्यासात ज्यांना ताण नव्हता, त्यांचा धोका फारसा वाढलेला दिसला नाही. म्हणजे आपल्या माणसाची सेवा केल्याने कोणी मरत नाही. एकट्याने, न झोपता, स्वतःच्या गोळ्या तोडून, बदली माणसाशिवाय केलेली सेवा मारते. आणि ही परिस्थिती माणसांनी बनवलेली आहे, म्हणजे माणसांना बदलताही येते.

०००

यात पैसा हाच प्रश्न असता तर जीन हॅकमनच्या घरी काही घडलं नसतं. दोन ऑस्कर मिळवलेला हा अभिनेता ९५ वर्षांचा, अल्झायमर बळावलेला; बायको बेट्सी अराकावा ६५ वर्षांची, तीच त्याला सांभाळायची. अमेरिकेत सांता फे इथल्या त्यांच्या घरात २६ फेब्रुवारी २०२५ रोजी दोघांचे मृतदेह सापडले. तपासणीत निघालं, की बेट्सी उंदरांपासून होणाऱ्या हँटाव्हायरसच्या आजाराने आधी, सुमारे दोन आठवड्यांपूर्वी गेली. हॅकमनच्या पेसमेकरची शेवटची नोंद १८ फेब्रुवारीची होती. म्हणजे बायको गेल्यावर तो घरात सुमारे आठवडाभर एकटा जगला. बातमी जगभर गेली ती नटाची म्हणून. खरं तर ती कुलूपबंद घराची बातमी होती, आणि कडावच्या काकू तिच्यापासून एका रिक्षावाल्याच्या अंतरावर होत्या.

आपल्याकडे या विषयावर चांगले चित्रपट झाले आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये विस्मरणात गेलेले शास्त्रीबुवा काही क्षणांत नजरेआड होतात, आणि त्यांना शोधायला जिवाचं रान करणारी मुलगी असते. पण कर्जतच्या आळ्यांमध्ये आणि खोपोलीच्या जुन्या वसाहतींमध्ये शोधायला निघणारं माणूसच बहात्तर वर्षांचं असतं आणि त्याचे गुडघे गेलेले असतात.

शोध लागला नाही तर काय होतं, याचं उत्तर कर्जतमध्येच आहे. भरत आणि स्मिता वटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र इथे २००६पासून आहे. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याच्या कामासाठी भरत वटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हा कर्जतकरांना त्याचा अभिमान आहे. पण माणूस रस्त्यावर आल्यावर उचलणारी संस्था आपल्या तालुक्यात आहे, आणि तो रस्त्यावर येऊ नये म्हणून घरात झुरणाऱ्या बाईसाठी काहीही नाही, याची लाज वाटायला हवी की नको?

०००

कागदावर सगळं आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याचं २०वं कलम सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटा, वेगळी रांग आणि जिल्हा रुग्णालयात खास सोय असावी असं सांगतं. २०१० साली सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघणं आणि घरच्यांना शिकवणं, हेही लिहिलं आहे. आमचं जिल्हा रुग्णालय अलिबागला, घाटावरच्या पुण्याइतकंच अडनिडं. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळ्याला आणि चौकला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथली माणसं हातात आहे तेवढ्यात काम करतात. प्रश्न त्यांच्या कष्टाचा नाही. व्यवस्थेच्या डोळ्याला काय दिसतं, हा प्रश्न आहे.

आशाताई घरोघर जो सीबॅकचा फॉर्म भरतात, तो बघा. साठीपुढच्या माणसांना त्यात विचारलं जातं: जेवण, कपडे, अंघोळ, शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? अगदी योग्य प्रश्न आहेत. पण उत्तर "हो" आलं की ज्या दुसऱ्याची मदत लागते तो दुसरा कोण, त्याचं वय काय, त्याला बीपी आहे का, आणि तो पडला तर तिसरा कोण, हे फॉर्म विचारत नाही. प्रश्नात जो "दुसरा" आहे, तोच आपला श्रावणबाळ. त्याला रकाना नाही.

१०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली आली, ९३७ गाड्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर. तिने असंख्य जीव वाचवले. पण ती रुग्णाला नेते. घरात मागे राहिलेल्याला नेण्याची तिची रचना नाही. म्हणून बायका गाडीत चढत नाहीत. "ह्यांना कोण बघेल?" या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत हृदयाचा स्नायू थांबत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. न्हाणीघरात माणूस घसरतं ते पहाटे तीनला.

पैशाचंही तसंच. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण २०२४पासून आहे, पण ते दाखल झालेल्या रुग्णासाठी. दाखल व्हायला घर सोडावं लागतं, आणि तेच तर जमत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा वस्तूंसाठी एकदाच तीन हजार मिळतात. घटकाभर बदली माणूस ठेवायला काही मिळत नाही. आणि लाडकी बहीण पासष्टीपर्यंतच लाडकी. सहासष्टाव्या वर्षी नवऱ्याला उचलून संडासात नेणारी बाई सरकारची बहीण राहत नाही.

वाड्यांवर तर आजाराला नावच नाही. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीत म्हातारा भरकटला तर त्याला म्हातारचळ लागला म्हणतात, आणि साठी बुद्धी नाठी म्हणून विषय संपतो. म्हातारी त्याला बघते, मोळी आणते, पाणी भरते. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला, कारण रस्ताच नव्हता. अशा वाडीवरची म्हातारी छाती धरून बसली, तर तिच्यासाठी कोण चढणार?

०००

आता आक्षेपांकडे येतो.

पहिला: आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे, पाश्चात्यांसारखं नाही. असं म्हणणाऱ्याने एकदा पहाटेच्या लोकलला कर्जत स्टेशनवर उभं राहावं. ती कुटुंबव्यवस्था गाडी पकडून मुंबईला जाते आणि रात्री परत येते. जाऊन-येऊन चार-पाच तास. जी मुलं इथे राहतात त्यांचं हे. बाकीची डोंबिवलीत, पुण्यात, दुबईत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बाहेर काढावे लागले. तशा दिवशी कर्जतचा मुलगा दादरला असतो आणि कर्जतची आई घरी बाबांबरोबर. मुलं वाईट आहेत, असं मी म्हणत नाही. ती लांब आहेत, आणि हार्ट अटॅक जवळच्या माणसाच्या भरवशावरच निभतो.

दुसरा: सेवा हे प्रेम आहे, त्याचा हिशेब मांडू नये. हा आक्षेप करणाऱ्याने स्वतः कोणाचा डायपर बदललेला नसतो. वटपौर्णिमेला आपण सावित्रीची गोष्ट सांगतो. ती तरुण होती आणि वाद घालायला समोर यम होता. आमच्या सावित्रीला मधुमेह आहे आणि वाद घालायला समोर कोणीच नाही. गावोगाव अशा जोडप्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. तिला शाल नको असते; दोन तास झोप हवी असते. आणि एकदा आदर्श म्हणून सत्कार झाला, की "मला जमत नाहीये" हे म्हणायची सोयही जाते. कौतुक जिवावर उठलं आहे म्हणतो, ते या अर्थाने.

तिसरा: सरकार कुठे कुठे पुरणार? केरळ पुरलं. तिथे २००८ साली परिहार सेवेचं धोरण आलं, आणि ग्रामपंचायतींच्या मदतीने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. तिथल्या ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अशा रुग्णाला घरी सांभाळणाऱ्याला महिना सहाशे रुपये ठरवले गेले. रक्कम फुटकळ आहे, पण सरकारी कागदावर सांभाळणारं माणूस एक व्यक्ती म्हणून उमटलं. इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्याने सांभाळणाऱ्याला स्वतःच्या गरजांची तपासणी मागण्याचा हक्क दिला. जपानमध्ये २०००पासूनच्या विम्यात रुग्णाला थोडे दिवस केंद्रात ठेवण्याची सोय आहे, म्हणजे घरच्याला ऑपरेशन करून घेता येतं.

०००

मी नवं रुग्णालय मागत नाही. मागणं लहान आहे.

सीबॅकच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा: सांभाळतं कोण, वय किती, आजार कोणता, ते पडलं तर बोलवायचं कोणाला. ज्या दिवशी रुग्णाचं बीपी-शुगर बघता, त्याच दिवशी सांभाळणाऱ्याचंही बघा. एकच चक्कर आहे.

१०८ आणि ११२ला फोन लागला की एक प्रश्न जास्त विचारा: "घरात मागे कोण राहतंय? ते एकटं राहू शकतं का?" उत्तर "नाही" असेल तर पोलीस पाटलाला आणि आशाताईला फोन जाऊ द्या. गावात हे दोघं आहेतच, नवी नेमणूक नको.

कर्जत, कशेळे आणि चौक इथल्या रुग्णालयांत प्रत्येकी दोन खाटा ठेवा, ज्यांवर आजारी नसलेलं, पण एकटं राहू न शकणारं माणूस झोपेल. नवरा-बायकोतलं एक दाखल झालं की दुसरं आपोआप दाखल, असा नियम लिहा. त्याच खाटा वर्षातून पंधरा दिवस हर्नियाच्या आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घरातल्यांना वापरू द्या.

ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने अशा घरांची यादी करावी. प्रत्येक घराची दुसरी चावी शेजारच्या एका विश्वासू घरात असावी, आणि दाराच्या आतल्या बाजूला एक कागद: दोघांच्या गोळ्या, दोघांचे आजार, तीन फोन नंबर. या शेवटच्या कामाला शासन निर्णय लागत नाही. या रविवारी होण्यासारखं आहे.

आणि वाचकांकडे एक मागणं. तुमच्या आळीत, इमारतीत, नात्यात असं जोडपं नक्की आहे. भेटलात की आपण विचारतो, "काका कसे आहेत?" आणि काकू सांगतात, "आहेत तसेच." हा प्रश्न पुरे झाला. त्याऐवजी विचारा, "काकू, तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं? तुमच्या गोळ्या किती उरल्यात?" त्या "आहेत" म्हणाल्या तरी पट्टी दाखवा म्हणा. मग म्हणा, "गुरुवारी चार ते सहा मी काकांजवळ बसतो, तुम्ही दवाखान्यात जाऊन या." त्या नको म्हणतील. तरी गुरुवारी चारला जा.